दीर्घ बैठक आणि पायांतील रक्त

म्हैसूरला विजयादशमीच्या दिवशी सुमारे ७५० किलो वजनाची, सोन्याने मढविलेली अंबारी पाठीवर घेऊन हत्ती राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत सुमारे ५ किलोमीटर चालत जातो. मिरवणूक पाहावयास आलेले लोक मात्र जागा जाऊ नये म्हणून तासन्‌तास एकाच ठिकाणी बसून राहतात आणि रात्री परतीच्या बसमध्ये पुन्हा तसेच बसतात. श्रम हत्तीला पडतात खरे. पण पायांची काळजी घ्यावयास हवी ती बसणाऱ्यांनी.

हृदय रक्त पायांपर्यंत लोटते. ते वर परत आणण्यात पोटरीच्या स्नायूंचा मोठा वाटा असतो. पाऊल टाकताना हे स्नायू आकुंचन पावतात, आतल्या नीला दाबल्या जातात व रक्त वर चढते. नीलांतील झडपा त्यास खाली उतरू देत नाहीत. माणूस दीर्घकाळ बसला, की हा पंप थांबतो. साचलेल्या रक्तात कधी गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात अडकली, तर प्राणावर बेतते.

१९४० साली लंडनवर बॉम्बवर्षाव चालू असता लोक तळघरांत घडीच्या खुर्च्यांवर बसून रात्री काढीत. त्यांच्यापैकी काहींना असाच मृत्यू आल्याचे डॉ. कीथ सिम्प्सन यांनी त्याच वर्षी नोंदविले. खुर्चीची आडवी दांडी मांडीखाली रुतून नीला दाबत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालाप्रमाणे ४ तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका सुमारे दुप्पट होतो. मग वाहन विमान असो, आगगाडी असो वा बस. तरीही लांबच्या विमानप्रवासानंतर तो साधारण ६,००० प्रवाशांत एकासच संभवतो. म्हणून भिण्याचे कारण नाही. सावधगिरी मात्र हवी.

उपाय साधे आहेत. तासा-दीड तासाने उठून चार पावले चालावे. उठता येत नसेल, तर टाचा टेकवून चवडे उचलावेत, मग चवडे टेकवून टाचा उचलाव्यात. पायाशी सामान कोंबू नये, पाणी पीत राहावे. नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, गरोदर स्त्रिया व बाळंतिणी, कर्करोगाचे रुग्ण आणि पूर्वी गुठळी झालेले यांनी प्रवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मनाने औषध घेऊ नये.

प्रवासानंतर एकच पाय सुजला, दुखू लागला, तर घरोघरी तेल लावून चोळण्याची रीत आहे. ती येथे घातक ठरू शकते. चोळल्याने गुठळी सुटण्याचे भय असते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी धाप लागली वा छातीत दुखू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.