वीज गेल्यावरचा वारा

२०१२ सालच्या जुलैच्या ३१ तारखेस उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचे वीजजाळे एकाच दुपारी कोसळले आणि साठ कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशातील पंखे थांबले. अशा वेळी सर्वाधिक हाल होतात ते घरातील तान्ह्या मुलांचे आणि वृद्धांचे. बॅटरीवर चालणारा पंखा जवळ असावा, हे तेव्हाच सुचते. निवड मात्र आधी, शांतपणे करावयाची असते.

पंखा हवा थंड करीत नाही. तो घाम वाळवितो आणि त्यामुळे अंग निवते. त्यासाठी सोसाट्याचा वारा नको. रात्रभर टिकणारी संथ झुळूक पुरे. म्हणून पहिला प्रश्न वेगाचा नव्हे, तासांचा. हिशेब सोपा आहे. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या, ३.७ व्होल्टच्या बॅटरीत ३७ वॅट-तास ऊर्जा साठते. ४ वॅटचा पंखा त्यावर कागदोपत्री नऊ तास चालतो, प्रत्यक्षात काहीसा कमी. तोच पूर्ण वेगात १२ वॅट घेऊ लागला, की तीन तासांतच थांबतो. जाहिरातीतील तास बहुधा मंद गतीचे असतात, हे ध्यानी ठेवावे.

रानातील तंबूत पंखा वजनाने हलका आणि टांगता येणारा असावा. हवा चाळीस अंशांपलीकडे तापली असता मात्र नुसत्या पंख्यावर विसंबू नये. ओल्या फडक्याने अंग पुसत राहावे.

आणि बॅटरी अधूनमधून भरीत जावी. कपाटात ती रिती पडून राहिली, तर ऐन रात्री आजीचा वाळ्याचा पंखाच शोधावा लागतो.