मधला प्राणी दाखवा!

मागच्या भाषणात आम्ही उत्क्रांतीचं नाव काढलं आणि दुसऱ्या दिवसापासून नळावर, दळणाच्या रांगेत आम्हाला एकच प्रश्न. "एका प्राण्यापासून दुसरा झाला म्हणता, मग मधला कुठाय? दाखवा!" एक आजी म्हणाल्या, माकडाचा माणूस झाला, तर माकडं अजून कशी? आजी, चुलत बहीण आहे म्हणून आपण जन्मलोच नाही, असं होतं का? माकडं आणि आपण एकाच खापरपणजीची लेकरं.

आता मधला प्राणी. देवमासा घ्या. नावात मासा, पण श्वास फुप्फुसांनी घेतो, मादी पिल्लाला दूध पाजते. म्हणजे पूर्वज जमिनीवरचे. पुरावा जम्मूतल्या कालाकोटच्या दगडांत मिळाला. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी ते गोळा केले होते. ते वारले, दगड तसेच राहिले. त्यांच्या पत्नीने ते जपले आणि पुढे हान्स थेविसन या शास्त्रज्ञाच्या हाती दिले. (आपण असतो तर दिवाळीच्या साफसफाईत गेले असते!) दगड साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि कानाचं हाड दिसलं. आतल्या बाजूला जाड. असं हाड तोवर फक्त देवमाशांच्या कुळात माहीत होतं. आणि हा प्राणी तर मांजराएवढा, चार पायांचा, लहानशा हरणासारखा! सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा. पायाची हाडं पाणघोड्यासारखी जड, पाण्यात चालायला सोयीची. 2007 साली हे प्रसिद्ध झालं. त्याचं नाव इंडोह्यस.

हा देवमाशाची आजी नव्हे, चुलत आजी. अर्धा हरीण, अर्धा मासा असा प्राणी शोधाल तर मिळणार नाही. खुणा एकेक करून बदलतात. कच्छमध्ये आखूड पायांचा, लांब शेपटीचा देवमासा सापडला. इजिप्तच्या वाळवंटातल्या बॅसिलोसॉरसला तर प्रचंड अंगाला इवलेसे मागचे पाय होते, गुडघ्यासकट.

2023 साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली. बारावीला जीवशास्त्र घेतलं तरच ती भेटते. आमच्यातल्या कितीजणींची शाळा दहावीलाच सुटली! आपल्या राज्याच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये मात्र पहिल्याच धड्यात 'जोडणारे दुवे' आहेत. घरात पुस्तक असेल, तर आज रात्री लेकीकडून वाचून घ्या. अंडी घालणारा आणि पिल्लांना दूधही पाजणारा प्लॅटिपस तिथे भेटेल.