छाती धडधडते तेव्हा



आपण शहापूर-मुरबाडची माणसे. कोणी माहुलीच्या पायथ्याचा, कोणी माळशेजच्या कुशीतला. डोक्यावर हंडा घेऊन आपल्या बाया रोज चढण चढतात. दम लागणे आपल्याला नवे नाही. तरी आज आम्ही छातीच्या धडधडीवरच बोलणार आहोत. त्याला कारण घडले.

मुरबाडकडचा एक मुलगा आमच्या ओळखीचा आहे. पोलीस भरतीची तयारी करतो. भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते, मुलींना ८००. हा पठ्ठ्या रोज पहाटे सडकेवर पळे. एके दिवशी मोरीजवळ त्याची छाती जोरात धडधडू लागली. श्वास पुरेना. बोटांना मुंग्या आल्या. 'आता मी मरतो,' असे वाटून तो मटकन खाली बसला. पाव तासाने सारे निवळले. पण भीती राहिली ती राहिलीच. पुढे साधे टेकाड चढतानाही त्याचे हातपाय गळू लागले. त्याने पळणे सोडले. लोक म्हणाले, बाहेरची बाधा आहे, भगताकडे न्या. आईने कोंबडे कबूल केले.

आम्ही म्हटले, आधी डॉक्टरला दाखवू. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले. हे आधी करावेच, बरं का. अंगात रक्त कमी असले तरी धडधड होते. आपल्या बायांमध्ये हे फार. आणि छातीत कळ येऊन ती हातात, जबड्यात जात असेल, दरदरून घाम सुटला असेल, माणूस चक्कर येऊन पडला असेल, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

मुलाचे हृदय ठणठणीत निघाले. मग झाले काय? बसल्या जागी हृदय मिनिटाला ६० ते १०० ठोके देते. पळताना पायांना जास्त रक्त लागते, म्हणून ठोके दीडशेच्याही वर जातात. ते हृदयाचे कामच आहे. पण मन घाबरले की अंगात एक रस सुटतो. वाघ समोर आला तर सुटेल, तोच हा रस. त्याने धडधड आणखी वाढते. ती वाढली की माणूस आणखी घाबरतो. भराभर श्वास घेतो, आणि त्यानेच बोटांना मुंग्या येतात.

डॉक्टर म्हणाले, "पळणे सोडू नकोस. सोडलेस तर भीती वाढेल. आधी नुसता चाल. मग शंभर पावले पळ, शंभर चाल. छाती धडधडली तर घरी परतू नकोस, हळू चालत राहा. श्वास नाकाने घे, तोंडाने सावकाश सोड. भीतीची लाट बहुधा दहा मिनिटांत चढते, मग उतरते." पहाटेचा कडक चहा आणि तंबाखूही बंद करायला सांगितली. त्यांनीही ठोके वाढतात.

भीती फारच छळत असेल तर १४४१६ हा सरकारी फोन २०२२ पासून आहे. त्याला पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते.

पहिले आठ दिवस मुलगा नुसता चालला. भाऊ सोबत होता. आता तो १६०० मीटर पुरे करतो. परवा आम्ही विचारले, "काय रे, भीती गेली का?"

"मोरीपाशी अजून येते कधी कधी," तो म्हणाला. "मग जरा चालतो, अन् पुन्हा पळतो."

आईचे कोंबडे अजून अंगणात फिरते आहे.