शेतकऱ्याचे शिक्षण आणि दुकानदाराचा सल्ला



शेतकऱ्याच्या प्रश्नाचा विचार भाव, कर्ज आणि पाणी या तीन अंगांनी चळवळीत नेहमी होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु या प्रश्नाचे चौथे अंग ज्ञानाचे आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष होत आले आहे.

महात्मा जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, हे सर्वश्रुत आहे. त्याच निवेदनात शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, त्यासाठी लहान नमुना-शेते असावीत, अशीही सूचना होती. ती मात्र विस्मरणात गेली. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये तर उत्तम शेळ्यामेंढ्यांच्या बेण्यापर्यंत त्यांचा विचार पोचला होता.

स्वातंत्र्यानंतर काहीच घडले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1952 साली समूह विकास योजना आली. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे 1968 ते 1972 या काळात कृषी विद्यापीठे उभी राहिली. 1974 साली पुदुच्चेरीत देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले. तरीही ज्ञान खाली का झिरपले नाही? 2015-16 च्या कृषिगणनेनुसार देशातली सुमारे 86 टक्के खातेदारी दोन हेक्टरांच्या आतली आहे, पण तिच्याकडे निम्म्याहूनही कमी जमीन आहे. प्रात्यक्षिकासाठी मात्र विहीर, पंप आणि रस्त्यालगतचे रान असलेला शेतकरीच बहुधा निवडला जातो. त्याचे पाहून इतर शिकतील, हे गृहीतच चुकीचे होते. ज्याच्याकडे पाणी नाही, त्याला पाण्यावरच्या पिकाचा धडा काय उपयोगाचा?

ही पोकळी बाजाराने भरून काढली. कोरडवाहू शेतकऱ्याला कीड दिसली की सल्ला देतो तो औषधाचा दुकानदार, आणि उधारीही त्याचीच असते. विकणाऱ्यानेच शिकवायचे ठरवले, तर तो कमी वापरायला कशाला शिकवील? 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. औषधे एकमेकांत मिसळू नयेत, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, एवढे ज्ञानही ज्या व्यवस्थेला मजुरापर्यंत नेता आले नाही, त्या व्यवस्थेवर या मृत्यूंची जबाबदारी येते.

स्त्रियांची उपेक्षा याहून खोल आहे. शेळ्या, कोंबड्या आणि परसबाग बहुतांशी त्याच सांभाळतात. परंतु सातबारावर नाव पुरुषाचे, म्हणून बैठकीचे निमंत्रणही पुरुषाला. पावसाळ्यापूर्वी शेळ्यांना आंत्रविषाराची लस टोचावी लागते, ही गोष्ट चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या विधवेला कळली नाही, तर एका पावसात तिचे सारे भांडवल बुडते.

याला पर्याय आहे, आणि तो गरीब देशातच सिद्ध झाला आहे. अतिरेकी फवारणीने तपकिरी तुडतुडे माजल्यावर इंडोनेशियाने 1986 साली भातावरील 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि 1989 पासून शेतीशाळा सुरू केल्या. पंचवीसेक शेतकरी हंगामभर दर आठवड्याला शेतातच जमत. चुडातले किडे मोजत, कोणता किडा पीक खातो आणि कोणता कोळी त्या किड्याला खातो हे स्वतः पाहत, आणि मग फवारणीचा निर्णय घेत. शिक्षक तेथे व्याख्यान देत नसे. तो प्रश्न विचारीत असे. निर्णय शेतकऱ्याच्या हाती राहणे, हेच त्या शिक्षणाचे मर्म होते.

महाराष्ट्रातही शेतीशाळा निघाल्या आहेत. त्या कागदावर न राहता कोरडवाहू वाडीवस्तीवर, मजूर व स्त्रियांना सोयीच्या वेळी भराव्यात, विस्तारसेवेतील रिक्त पदे भरली जावीत, आणि गावोगावच्या बायकांना पशुआरोग्याचे शिक्षण व त्याचे मानधन मिळावे, या मागण्या तालुक्या-तालुक्यांतून उठल्या पाहिजेत. पण कार्यकर्त्यांचे काम मोर्चाने संपत नाही. आपल्या गावात शेतीशाळा कोणाच्या रानात भरते आणि तेथे कोण बसते, याची चौकशी प्रत्येक शाखेने येत्या खरिपापूर्वी करावी. कर्जमाफीने शेतकरी सावकाराच्या वहीतून सुटेल. दुकानदाराच्या सल्ल्यातून तो सुटेल तो स्वतःच्या ज्ञानानेच.