खर्रा, लाळ आणि 22 अक्षरांचा रेणू



चंद्रपूर-गडचिरोलीत खर्रा म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू नि चुना घेऊन तो घोटतात आणि मग तो तासन्‌तास गालात राहतो. सुपारीमुळे गाल आतून कडक होत जातो, तंबाखूमुळे पेशी बिघडतात. आजचा विषय मायक्रोआरएनए हा असला, तरी आपल्याकडे त्याची गोष्ट याच गालातून सुरू होते.

मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम 22 अक्षरांचा, म्हणजे रासायनिक घटकांचा, रेणू. अमुक प्रथिन तयार करा, असा निरोप पेशीतले जनुक धाडते. हा रेणू त्या निरोपाला जाऊन चिकटतो, की प्रथिन तयार होणे कमी होते किंवा थांबते. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन या शास्त्रज्ञांनी 1993 साली एक मिलिमीटर लांबीच्या जंतात त्याचा शोध लावला. हा जंतापुरताच प्रकार असेल म्हणून बरीच वर्षे कुणी फारसे लक्ष दिले नाही. 2024 साली मात्र दोघांना नोबेल मिळाले.

कर्करोगाच्या पेशीत या रेणूंचे प्रमाण बिघडते. तोंडाच्या कर्करोगात मायक्रोआरएनए-21 वाढलेला आढळतो आणि पेशींच्या वाढीला आवर घालणारी प्रथिने तो दाबून टाकतो. हे रेणू लाळेतही टिकून राहतात. म्हणजे ठेल्यामागच्या भिंतीवर जी पिचकारी पडते, त्या लाळेतच रोगाची खबर असू शकते. ती वाचायचा प्रयत्न जगभर चालू आहे, पण एका प्रयोगशाळेचे आकडे दुसरीशी जुळत नाहीत. त्यामुळे दवाखान्यात रोज वापरता येईल अशी चाचणी अजून हाती आलेली नाही.

उपचारांचे तर त्याहून कठीण. मायक्रोआरएनए-34 ची नक्कल करणारे एक औषध रुग्णांना देऊन पाहिले. प्रतिकारशक्तीवर त्याचे गंभीर परिणाम दिसले आणि 2016 मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. अशा रेणूवर बेतलेले कर्करोगाचे एकही औषध आज बाजारात नाही. म्हणजे चाचणीही नाही, औषधही नाही; तेव्हा ‘लाळेवरून कॅन्सर ओळखतो’ म्हणून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका.

योगायोग असा, की त्याच 2016 च्या सुमारास गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था, टाटा ट्रस्ट आणि शासन यांचे दारू-तंबाखूविरोधी ‘मुक्तिपथ’ अभियान सुरू झाले. माझ्या मते आपल्या भागात आज जास्त जीव वाचतील ते अशाच कामाने.

लाळेची चाचणी येईल तोवर घरी एवढे करा. उजेडात आरशासमोर तोंड पूर्ण उघडा. तीन बोटे उभी आत जायला अडते का? गालात, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन आठवड्यांत न भरलेली जखम? साधी भाजीही झोंबते? यातले एकही असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितले, तर नाही म्हणू नका. आणि खर्रा सोडला असला, तरी तोंड तपासून घ्याच.