थायलंडच्या गावाकडं, भाड्याच्या गाडीनं

दुपारची भांडी आटोपून बसलात ना? मग ऐका.

चार वर्षं आम्ही सहलीची वेगळी भिशी घातली आणि मागच्या डिसेंबरात आमच्या गटातल्या पाच जणी थायलंडला जाऊन आलो. बँकॉकबद्दल आज बोलणार नाही, तिथले फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आहेत. सांगायचंय ते उत्तरेकडच्या चिआंग माईचं. तिथून पहिल्या दिवशी आम्ही टूरच्या बसनं बो सांगला गेलो. हे कागदी छत्र्यांचं गाव. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद करतात, बांबूच्या काड्यांवर चिकटवतात आणि वर फुलं रंगवतात. आम्हाला त्या बायकांशी बोलायचं होतं, मजुरी नगावर मिळते की दिवसावर ते विचारायचं होतं. पण बसवाल्यानं चाळीस मिनिटं दिली, त्यातली तीस मोठ्या दुकानात गेली. संध्याकाळी आम्ही ठरवलं, आता गाडी आपण भाड्यानं घ्यायची. थांबायचं कुठं ते आपण ठरवायचं.

चालवणार कोण, हा प्रश्न नव्हता. आमची ताई रोज पहाटे छोटा हत्ती घेऊन मार्केट यार्डात भाजी पोचवते. निघण्याआधीच ताईनं आणि आमच्यातल्या धाकटीनं आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला होता. लायसन्स, पासपोर्ट, तिकीट आणि हजार रुपये फी. मुदत एक वर्ष. थायलंडमध्ये गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालते, स्टिअरिंगही उजवीकडं, म्हणून ताईची निम्मी भीती तिथंच गेली.

दुकानात लहान गाडीचं भाडं दिवसाला हजार बाट सांगितलं. एक बाट म्हणजे अडीच रुपये धरून आम्ही हिशेब करत होतो. दुकानदारानं अनामत म्हणून आमचा पासपोर्ट मागितला. आम्ही दिला नाही. परक्या देशात पासपोर्ट दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा नसतो. झेरॉक्स आणि पाच हजार बाट रोख दिले, पावती घेतली. मग विमा. तिथं प्रत्येक गाडीला सक्तीचा विमा असतो, पण तो माणसांच्या इजेपुरता. गाडीचं नुकसान भरून हवं असेल तर पहिल्या दर्जाचा विमा लागतो, आणि त्यातही ठरावीक रक्कम आपल्या खिशातून जाते. धाकटीनं इंग्रजी कागद तासभर वाचला. दुकानदार कंटाळला. कंटाळू दे. सोसायटीचं कर्ज घेताना आम्ही कुणी असा कागद वाचला होता?

त्याच कागदात लिहिलं होतं, गाडी फक्त नाव घातलेल्या ड्रायव्हरनं चालवायची. दुसरं नाव घालायचं तर दिवसाला दोनशे बाट जादा. तीन दिवसांचे दीड हजार रुपये. आम्ही म्हटलं, ताई आहे की, कशाला? आणि वाचवले.

सकाळी निघालो. पाच जणी आणि पिशव्या मांडीवर. मागं बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा. हॉर्न कुणी वाजवत नाही, ताईचा हात मात्र सवयीनं जायचा. पेट्रोल पंपावर गॅसोहोल मिळतं, म्हणजे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. आपल्याकडं ते उसापासून होतं, तिकडं उसाची मळी आणि कसावाचा कंद, ज्याचा आपण उपासाला साबुदाणा खातो. टाकीच्या झाकणावर लिहिलेलं वाचून त्यांनी भरलं.

चोम थोंगपर्यंत १०८ नंबरचा सरळ रस्ता, तिथून उजवीकडं दोई इन्थानोनचा घाट. दोई म्हणजे डोंगर. हा थायलंडचा सगळ्यात उंच, २५६५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. परदेशी माणसाला आत जायला ३०० बाट पडतात, ते खुपलं. वाटेत मे क्लांग लुआंग या कारेन लोकांच्या गावात थांबलो. भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेतं कापून झाली होती. तिथल्या बायका झाडाखाली कॉफी विकत होत्या, स्वतः पिकवलेली. कमरेला पट्टा बांधून त्या मागावर विणतात, माग म्हणजे चार काठ्या आणि त्यांची पाठ.

शिखराजवळून मे चेमकडं उतरणारा १९९२ नव्हे, ११९२ नंबरचा रस्ता (आकडा आमच्या अजून चुकतो) अरुंद आणि भलताच उताराचा आहे. गाडी ऑटोमॅटिक. ताईला गिअर टाकून उतरायची सवय, इथं गिअर सापडेना. ती ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत राहिली. थोड्या वेळानं जळका वास आला. त्याच वेळी ताई म्हणाली, डोकं गरगरतंय. रस्त्याकडेला एक टपरीवजा दुकान दिसलं, तिथं गाडी लावली. ताईचे हात कापत होते. सकाळची बीपीची गोळी घ्यायची राहिली होती आणि पोटात नुसती कॉफी.

आता भांडण झालं ते सांगतो. धाकटी म्हणाली, मी नेते, परवाना आहे माझा, थोडंसंच तर राहिलंय. दोघी म्हणाल्या, ने. दोघी म्हणाल्या, कागदावर नाव नाही, एवढ्या घाटात काही झालं तर विमा देणार नाही. पुढं कुणी जखमी झालं तर? भिशीच काय, घर विकावं लागेल. आवाज एवढा चढला की दुकानातली बाई बाहेर आली. तिनं ताईला चटईवर आडवं केलं, चिकट भात आणि उकडलेलं अंडं दिलं. ताईनं गोळी घेतली. दोन तास आम्ही तिथंच बसलो, एकमेकींशी न बोलता. त्या बाईनं गाडीत डोकावून दांड्याजवळचं इंग्रजी ‘एल’ अक्षर बोटानं दाखवलं. उतारावर तिथं दांडा ठेवला की गाडी इंजिनावर सावकाश उतरते. तोवर ब्रेकही गार झाले होते. ताई उठली, बरं वाटतंय म्हणाली, आणि दिवस मावळायच्या आत तिनंच आम्हाला मे चेमला उतरवलं.

दुसऱ्या दिवशी ताईला गाडीला हात लावू दिला नाही. म्हणून तर आम्ही मे चेम पाहिलं. तिथल्या लुंगीवजा नेसूच्या खालच्या काठाला तीन चोक म्हणतात. ‘तीन’ म्हणजे पाय, ‘चोक’ म्हणजे टोकरून उचलणं. साळिंदराच्या काट्यानं एकेक धागा उचलून रंग भरायचा, तोही कापडाच्या उलट्या बाजूनं. पैठणीच्या पदरासारखंच सबुरीचं काम. घराखाली, खांबांच्या सावलीत माग होता. तिथल्या आजींशी फोनवरच्या भाषांतरानं बोललो. सुताला पैसे कुठून, विचारलं. गावच्या निधीतून, म्हणाल्या. २००१ साली सरकारनं प्रत्येक गावाला दहा लाख बाटांचा निधी द्यायला सुरुवात केली, कर्ज कुणाला ते गावची समिती ठरवते. त्याच वर्षी ‘एक तांबोन, एक वस्तू’ योजना आली. तांबोन म्हणजे काही गावांचा गट. मालाला एक ते पाच तारे मिळतात. तारे मिळून विक्री वाढली का? आजी हसल्या. जत्रेत मशीनचा काठ निम्म्या भावात मिळतो, म्हणाल्या. आम्हालाही हसू आलं, ओळखीचं.

गाडी एक दिवस उशिरा परत केली, एक दिवसाचं जादा भाडं गेलं. दुसऱ्या नावाचे सहाशे वाचवले आणि हजार भरले. दुकानदारानं दारावरचा ओरखडा दाखवला, पण नेताना धाकटीनं गाडीचा चौफेर व्हिडिओ काढला होता, त्यात तो होताच. बाकीची अनामत मिळाली. पर्यटक पोलिसांचा ११५५ नंबर आम्ही कागदावर लिहून ठेवला होता, तो लागला नाही.

पुढची भिशी सुरू केली आहे. या वेळी दोन्ही ड्रायव्हरांचे पैसे आधीच बाजूला काढलेत, आणि ताईच्या गोळ्यांची डबी धाकटीच्या पिशवीत असते.