देवमासा : निरीक्षण, नोंद आणि शिक्षकाचे कार्य

(किनारपट्टीवरील शाळांतील प्राथमिक शिक्षकांच्या शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवमाशासारखा विषय प्राथमिक शाळेच्या वर्गात कशासाठी आणावयाचा, अशी शंका आपल्यापैकी कोणाच्या मनात आली असेल तर ती अस्थानी नाही. तीस मुलांचा वर्ग, एक फळा आणि अर्ध्या तासाची तासिका एवढ्या सामग्रीत समुद्रातील सर्वांत मोठा प्राणी मावणार कसा? परंतु पाहिले तेच लिहावे आणि लिहिलेले लोकांपर्यंत पोहोचवावे, हा शास्त्राचा पहिला धडा शिकविण्यास याहून सोयीचा विषय मला दिसत नाही.

प्रथम नावाकडे वळू. आपल्या भाषेने या प्राण्यास 'देवमासा' म्हटले आणि मुलाच्या मनात तो मासा होऊन बसला. वस्तुतः तो मासा नव्हे. माशास कल्ले असतात. देवमाशास फुप्फुसे असतात आणि श्वासासाठी त्याला पाण्यावर यावेच लागते. माशाचे शेपूट उभे असून डावीकडे-उजवीकडे हलते, देवमाशाचे आडवे असून खालीवर हलते. त्याचे रक्त उष्ण असते. तो पिलास जन्म देतो व दूध पाजतो. त्याच्या वल्ह्यासारख्या पुढच्या अवयवात आपल्या हाताच्याच धर्तीची हाडे असतात. डॉल्फिन फुप्फुसांनी श्वास घेतो व पिलांना दूध पाजतो, हे ॲरिस्टॉटलने दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी लिहून ठेवले होते; तथापि लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली सस्तन प्राण्यांच्या वर्गात घालीपर्यंत बहुतेक विद्वानही देवमाशास मासाच मानीत आले. उलट, व्हेल शार्क हा नावाने 'व्हेल' असला तरी खराखुरा मासा आहे. नाव जुने आहे, ते बदलण्याचे कारण नाही. मात्र नाव एक सांगते आणि निरीक्षण दुसरे सांगते तेव्हा निरीक्षणाची बाजू घ्यावयाची, हे मुलास येथे सहज पटविता येते.

आता नोंदीचा विचार करू. विसाव्या शतकात जगभर सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. तेल, चरबी, मांस यांसाठी हा उद्योग चालला. त्यास आवर घालण्यासाठी १९४६ साली आंतरराष्ट्रीय करार झाला व त्यातून एक आयोग स्थापन झाला. कोणत्या जातीचे किती देवमासे मारले याचा हिशेब प्रत्येक सभासद राष्ट्राने द्यावयाचा आणि त्या हिशेबावरून पुढील मर्यादा ठरवावयाची, अशी योजना होती. योजना चांगली होती. पण ती एकाच गोष्टीवर उभी होती, आणि ती म्हणजे खरा आकडा.

तोच खोटा निघाला. हंपबॅक या नावाचा, पाठीवर कुबडासारखा उंचवटा असलेला एक देवमासा आहे. १९६० च्या सुमारास ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या किनाऱ्यांवरून हे देवमासे काही थोड्या वर्षांत दिसेनासे झाले. कागदावरील आकडे पाहता असे व्हावयास नको होते. उलगडा होण्यास तीस वर्षे लागली. सोव्हिएत संघराज्य लयास गेल्यावर १९९३ साली ॲलेक्सी याब्लोकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने जाहीररीत्या सांगितले की, त्या देशाच्या जहाजांनी आयोगाकडे खोटे हिशेब दिले होते. दक्षिण गोलार्धात त्यांनी ४८,००० हून अधिक हंपबॅक मारले होते. कळविले होते अवघे २,७१०. हा खरा आकडा आज आपणांस सांगता येतो, याचे कारण जहाजांवरील काही जीवशास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. ज्यांना त्या वेळी बोलता आले नाही त्यांनी निदान वही फाडली नाही, ही गोष्ट शिक्षकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या प्रकरणाचा एक भाग आपल्याच अरबी समुद्रात घडला. १९६५ व १९६६ साली सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान व भारत यांच्या किनाऱ्यांसमोरील समुद्रात २४२ हंपबॅक मारले. युरी मिखालेव्ह या शास्त्रज्ञाने त्यांची तपशीलवार माहिती १९९७ साली प्रसिद्ध केली, तेव्हा एक आश्चर्य उघड झाले. जगातील बहुतेक हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडील थंड पाण्यात चरावयास जातात आणि हिवाळ्यात पिलांसाठी उष्ण समुद्रात येतात. अरबी समुद्रातील हंपबॅक मात्र असे कोठे जात नाहीत. ते येथेच चरतात व येथेच वितात. याचे कारण आपला नैऋत्य मोसमी वारा. जो वारा कोकणात पाऊस आणतो, तोच ओमानच्या किनाऱ्याजवळ खोल समुद्रातील थंड व सकस पाणी वर आणतो. त्या पाण्यावर सूक्ष्म जीव वाढतात, सूक्ष्म जीवांवर लहान मासे वाढतात आणि माशांवर देवमासा जगतो. पुढे आनुवंशिक अभ्यासावरून असे दिसले की, हा समूह सुमारे ७०,००० वर्षे इतरांपासून वेगळा राहिला आहे.

आज हा समूह फार थोडा उरला आहे. हंपबॅकच्या शेपटाच्या खालच्या बाजूवरील काळेपांढरे चट्टे माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे निरनिराळे असतात. त्यांची छायाचित्रे ताडून पाहून ओमानच्या समुद्रातील संख्येचा अंदाज केला गेला, तो सुमारे ८२ इतका भरला. सबंध वर्गाच्या नव्हे, एका मध्यम शाळेच्या पटाएवढीही ही संख्या नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात ओमानजवळ एका मादीच्या पाठीवर उपग्रहास संदेश देणारे लहानसे यंत्र बसविण्यात आले. तिचे नाव 'लुबान'. अरबी भाषेतील या शब्दाचा अर्थ धुपाचा सुगंधी डिंक, आणि आपला 'लोबान' हा शब्द त्याच घराण्यातला. ही मादी सबंध अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली. ओमानचे देवमासे ते आपलेही देवमासे आहेत, हे त्या लहान यंत्राने दाखवून दिले.

शास्त्रज्ञांची वही सामान्य माणसापर्यंत गेली नाही तर मात्र काय उपयोग? हंपबॅकचे नर पाण्याखाली दीर्घकाळ सुसंगत आवाज काढतात आणि तीच आवर्तने पुनःपुन्हा करतात. रॉजर पेन व स्कॉट मॅक्वे यांनी या आवाजांचे विश्लेषण करून १९७१ साली निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या आदल्याच वर्षी पेन यांनी ते आवाज ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने बाजारात आणले होते. ज्यांनी जन्मात देवमासा पाहिला नव्हता अशा लाखो लोकांनी तो घरबसल्या ऐकला. देवमासे वाचविण्याच्या चळवळीस त्या ध्वनिमुद्रिकेने मोठे बळ दिले. १९८२ साली आयोगाने व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव केला व १९८६ पासून तो अमलात आला. काही राष्ट्रांनी तो मानला नाही, हे खरे. तरीही फळ दिसले. दक्षिण अटलांटिक महासागराच्या पश्चिम भागात हंपबॅकची संख्या एके काळी ४५० च्या आसपास उतरली होती. ती २०१९ च्या अंदाजाप्रमाणे सुमारे २५,००० झाली आहे.

आपल्या किनाऱ्याचे काय? २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याजवळ एक प्रचंड देवमासा किनाऱ्यास लागून मेला. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळे येथे देवमाशाचे एक पिलू वाळूत रुतले. ग्रामस्थ, वनविभाग व इतरांनी रात्रंदिवस खटपट करून त्यास समुद्रात सोडले, तथापि ते वाचले नाही. अशा प्रसंगी शाळेत शिकलेले कामास येते. देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो हे ज्यास ठाऊक आहे, तो त्याच्या डोक्यावरील श्वासरंध्रात पाणी वा वाळू जाऊ देणार नाही. त्याची कातडी उन्हात भाजते हे ज्यास ठाऊक आहे, तो ओले कापड घालील. शेपटास दोर लावून ओढू नये, गर्दी दूर ठेवावी आणि प्रथम वनविभागास कळवावे, हेही मुलांना सांगून ठेवावे. जाळ्यात सापडलेला संरक्षित जलचर सोडविण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमारास नुकसानभरपाई देण्याची योजना राज्य शासनाने २०१८ साली सुरू केली. ती पालकांच्या कानावर घालणे हेही आपलेच काम आहे.

अंबर या पदार्थाबद्दलही सावध केले पाहिजे. वृत्तपत्रे त्यास 'देवमाशाची उलटी' म्हणतात. पण तो स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात तयार होतो. तो बाळगणे व विकणे आपल्या देशात गुन्हा आहे. किनाऱ्यावर सापडल्यास लोभ न धरता कळवावे.

आता वर्गासाठी दोन सूचना करतो. मैदानावर ३० मीटर लांबीची सुतळी पसरावी. निळ्या देवमाशाची कमाल लांबी जवळजवळ तेवढीच. तिच्या कडेने मुले उभी करावी आणि किती मावतात ते त्यांच्याकडूनच मोजून घ्यावे. दुसरी गोष्ट, शाळेत समुद्राची एक नोंदवही ठेवावी. मच्छीमारांच्या मुलांनी वडिलांना विचारून डॉल्फिन कोठे, केव्हा व किती दिसले आणि त्यांच्या बोलीत त्यास काय म्हणतात, हे तारखेसह लिहावे. दिसले नाही तर 'दिसले नाही' असेच लिहावे. पान भरण्यासाठी आकडा घालू नये.

या शेवटच्या सूचनेवर माझा विशेष भर आहे. खोट्या आकड्यांनी एका महासागरातील देवमासे जवळजवळ नाहीसे केले आणि कोणी तरी जपलेल्या खऱ्या आकड्यांमुळे ती हानी जगास कळली. चौथीतील मुलगा 'दिसले नाही' हे दोन शब्द प्रामाणिकपणे लिहावयास शिकला, तर त्याच्या शिक्षकाने शास्त्राची सेवाच केली असे मी म्हणेन.